मामांनी लेन्स उकळल्या

हॉस्पिटलच्या तळघरात, जिथे शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, गुंडाळून वाफेच्या यंत्रात घालतात, तिथे मामांचा शब्द शेवटचा होता. वाफ नीट लागल्याची खूण म्हणून डब्यावरच्या टेपची रेघ काळी झाल्याशिवाय साधी कात्रीसुद्धा वर जायची नाही. एकदा मोठे सर्जन खाली येऊन ओरडले, तरी मामा जागचे हलले नाहीत. "साहेब, ओरडून जंतू मरत नाहीत," एवढंच म्हणाले. तेव्हापासून त्यांना मान होता आणि थोडी चेष्टाही होती. मामा घरी आलेल्या पाहुण्याला आधी वाफ देतात आणि मग खुर्ची देतात, असं वरच्या नर्सेस म्हणायच्या. ते मामांच्या कानावर आलं होतं आणि मनातून त्यांना आवडलंही होतं.

घरी बायको आणि उशिरा झालेली एकुलती एक लेक. शाळेत तिचं नाव वेगळं, घरी ती ठकी. ठकीला पोहण्याचं वेड. पण चष्मा काढून पाण्यात उतरली की ती आपली रांग सोडून भलत्याच मुलीच्या रांगेत घुसायची. चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढत होता. शेवटी मामांच्याच हॉस्पिटलातल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी रात्रीच्या लेन्सचा उपाय सुचवला.

"ही कडक लेन्स झोपताना घालायची," त्यांनी समजावलं. "रात्रभरात ती बुबुळाच्या पुढच्या पडद्याचा आकार हलकेच बदलते. सकाळी काढली की दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं. घालणं बंद केलं की डोळा पुन्हा पहिल्यासारखा होतो. नंबर जाणार नाही, पण त्याच्या वाढीला लगाम बसण्याची बरीच आशा आहे. आणि धुवायची ती फक्त या बाटलीतल्या औषधाने. पाणी लावायचं नाही, नळाचंही नाही आणि..."

"डॉक्टर, स्वच्छतेचं माझ्यावर सोडा," मामा मध्येच म्हणाले. "माझा जन्म गेला त्यात."

डॉक्टरबाई हसल्या. मामांना कोण काय शिकवणार?

पहिले काही आठवडे घरात नुसता आनंदीआनंद होता. सकाळी उठल्या उठल्या ठकी खिडकीतून समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायची. "आता त्या दुकानदाराच्या मिशाही मोज," आई म्हणायची. पोहण्याच्या शर्यतीसाठी तिची निवड झाली.

आणि मग एके दिवशी तळघरात धुवायला आलेल्या हत्यारांबरोबर एक बातमी आली. कोणा तरुणाने अस्वच्छ लेन्स घातली, डोळ्यात जंतू शिरले आणि प्रकरण शस्त्रक्रियेवर गेलं. बाटलीतल्या त्या थंड, बिनवासाच्या औषधावर त्यांचा मुळातच विश्वास नव्हता. जे तापलं नाही ते शुद्ध झालं नाही, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. रविवारी मायलेकी बाजारात गेलेल्या असताना त्यांनी पातेल्यात पाणी उकळलं, दोन्ही लेन्स चहाच्या गाळणीत ठेवल्या आणि गाळणी पाण्यात धरली. बाहेर काढून उजेडात पाहिल्या. होत्या तशाच दिसत होत्या. समाधानाने त्यांनी त्या डबीत ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवसापासून ठकीची कुरकुर सुरू झाली. "बाबा, टोचतंय." मग दुपारनंतर फळ्यावरचं दिसेना. मामांच्या मनात पाल चुकचुकली, पण त्यांनी तिला हुसकून लावलं. "पालथी झोपत असशील," असं म्हणून ते मोकळे झाले.

तपासणीला तिघंही गेले. डॉक्टरबाईंनी ठकीच्या डोळ्यात पिवळा थेंब टाकून निळा उजेड पाडला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पडद्यावर ओरखडा आहे. आणि लेन्सचा दाबही मधोमध पडलेला नाही. ठकी, खरं सांग, रात्री मध्येच लेन्स काढतेस आणि घाईघाईने परत घालतेस का?"

"नाही हो."

"मोबाइल बघायला काढत असेल," आई म्हणाली. "खरं बोल गं! डॉक्टरांसमोर तरी खरं बोल."

"आई, शप्पथ नाही!"

"लेन्स आणल्या आहेत का? बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

डबी मामांच्या खिशात होती. खिशावरच त्यांचा हात होता. शेजारी मदतनीस मुलगी उभी होती, दाराशी पेशंट ताटकळत होते. "घरी राहिली," ते म्हणाले.

"मग तूर्त चष्मा वापरा. आणि असंच चालणार असेल तर हा उपाय कायमचा बंद करू. मूल खोटं बोलायला लागलं की यात धोका असतो."

घरी आल्यावर ठकीने कपाटातून जाड काचांचा चष्मा काढला. संध्याकाळी ती मामांच्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. "बाबा, मी खरंच काढत नाही. तुम्हाला तरी पटतं ना?"

"पटतं," मामा म्हणाले. पुढचे शब्द ओठांवर आले आणि त्यांनी ते गिळले. तिच्या चेहऱ्यावर जो हुरूप आला तो पाहून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तळघरात नवीन भरतीची माणसं शिकायला आली होती. मामा यंत्र दाखवत होते. एका मुलीने विचारलं, "मामा, डबा वर गेला आणि मग कळलं की वाफ नीट लागलीच नव्हती, तर?"

"तर तडक वर कळवायचं. पेशंटला हात लागायच्या आत."

"आणि साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं तर?"

"झापू देत की! आपल्या लाजेपायी..." मामा थांबले. "आलोच," म्हणून त्यांनी जिना धरला.

डॉक्टरबाई एकट्या होत्या. मामांनी डबी टेबलावर ठेवली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी लेन्स यंत्राखाली धरली. "पार वाकडी झालीय. मामा, अहो, तुम्ही? आणि काल त्या पोरीला मी काय काय बोलले!" त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरखडा भरेल, मग नव्या लेन्स करू, एवढंच त्या म्हणाल्या.

घरी मामांनी मायलेकींना समोर बसवून तेच पुन्हा सांगितलं. बायकोने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग लेकीला जवळ ओढलं. "माझंच चुकलं गं बाई. तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

ठकी आईच्या मिठीतूनच म्हणाली, "काल मी विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तिथेच का नाही बोललात? डॉक्टरांसमोर?"

"आज त्यांच्यासमोर बोललो, ठके. सगळं सांगितलं."

"पण मी नव्हते ना तिथे," ती म्हणाली. "आणि ती मदतनीस ताईपण नव्हती. तिला अजून वाटतं मी खोटारडी आहे."



पुढच्या तपासणीला मामा ठकीला घेऊन गेले. मदतनीस मुलगी फाइल लावत होती, बाकांवर पेशंट दाटीवाटीने बसले होते. त्यात वरच्या मजल्यावरच्या दोन नर्सेसही होत्या. "काय मामा, आज वर कसे?" एक जण हसून म्हणाली.

मामांनी डॉक्टरबाईंच्या खोलीचं दार लोटलं नाही. बाहेरच उभे राहिले. "ताई," ते मदतनीस मुलीला म्हणाले, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा, "त्या दिवशी माझी मुलगी खरं बोलत होती. लेन्स मी उकळल्या. आणि डबी माझ्या खिशात होती."

नर्सेसनी एकमेकींकडे पाहिलं. ठकीने त्यांचा हात धरला नाही, पण ती लांबही गेली नाही. चष्मा सारखा करून ती मदतनीस मुलीकडे बघत राहिली, आणि त्या ताईने मान डोलावल्यावर मग आत गेली.