सोसायटीच्या पिक्चरला अंजलीचा आवाज

अंजलीशी भांडून कुणी जिंकलं नव्हतं, कारण ती भांडायचीच नाही. चाकणच्या कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग तपासण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. खराब भागावर कोण ओरडत बसतं? लाल चिठ्ठी बांधायची, लाल पेटीत टाकायचा, पुढचा उचलायचा. तोंड ती उघडायची ते चहाच्या सुट्टीत. मग साहेबांच्या घसा खाकरण्यापासून कॅन्टीनवाल्याच्या नाकातल्या "संपलं"पर्यंत अख्खी कंपनी तिच्या गळ्यातून बोलायची.

यंदा तिला लाइन लीडर करायचं पत्र आलं. महिन्याच्या आत होकार कळवायचा होता. पद मोठं, पण दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी. नवरा धम्मरत्न म्हणाला, "बघू." त्याने "बघू" म्हटलेली एकही गोष्ट लग्नाच्या नऊ वर्षांत कुणी बघितली नव्हती. सासूबाई गिरजाबाई म्हणाल्या, "लेकराला टाकून रातीची जाणार व्हय? न्हाई." दुसरीतली लेक सम्यका तेव्हा आजीच्याच मांडीवर लोळत पडली होती.

त्याच सुमारास त्यांच्या चऱ्होलीच्या सोसायटीचा वर्धापनदिन आला. सांस्कृतिक समितीचे यशवंतराव मोबाइलवर पिक्चर काढायला निघाले. नोकरी करणाऱ्या आईची धमाल गोष्ट.

"वहिनी, तुमच्यावरच आहे. सलाम आहे तुम्हाला, सलाम," ते म्हणाले. मोठा शब्द ते दोनदा म्हणत. एकदा समोरच्यासाठी, एकदा स्वतःच्या समाधानासाठी.

तीन रविवार तिच्याच घरात शूटिंग झालं. नवरा नवरा झाला, सासू सासू झाली, साहेब अर्थातच यशवंतराव. अंजली सांगितलं ते करत गेली. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून धावली, डब्यात पोळीऐवजी फडकं गुंडाळलं. "हलकंफुलकं हो, हलकंफुलकं." शेवटच्या प्रसंगात तिने साहेबांच्या हातात पाकीट दिलं, सासूच्या पाया पडली, आणि नवऱ्याने मान डोलावत ओट्यावरचा रिकामा डबा उचलला.

"पाकिटात काय आहे, काका?" तिने यशवंतरावांना विचारलं.

"रजेचा अर्ज."

आवाज मात्र सगळा वाया गेला. लोहगावला उतरणारं विमान नेमकं प्रत्येक संवादावरून गेलेलं. मग ठरलं की पडद्यामागे माईक घेऊन बसायचं आणि चित्र चालू असताना संवाद म्हणायचे. गिरजाबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांचाही आवाज अंजलीनेच काढायचा.

शुक्रवारी ग्रुपवर संवाद आले. अंजलीने शेवटचं पान वाचलं. 'साहेब, हा माझा राजीनामा. घर हीच माझी खरी कंपनी.' त्याखाली नवरा: 'बरं केलंस, अंजू.'

"तुम्हाला हे माहीत होतं?" तिने विचारलं.

"अगं, पिक्चर आहे तो."

"माहीत होतं का?"

धम्मरत्न टॉवेल झटकायला लागला. "काका म्हणाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या की तुझं मन आपोआप वळेल."

"मीच सांगितलं तसं घाला म्हणून," गिरजाबाई आतून म्हणाल्या. "घरात सांगून ऐकंना, मग चारचौघांत तरी ऐकंल."

अंजलीने ग्रुपवर अंगठा टाकला. 'छान लिहिलंय काका.' धम्मरत्न निर्धास्त झोपला. ती मात्र दोन दिवस भांडी घासताना ओठ हलवत होती.

रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये पांढरी चादर ताणली. दोनशे माणसं जमली. पहिली दहा मिनिटं अंजली इमानदारीत लिहिलेलं बोलली. चपलांवर लोक हसले, फडक्यावर खुर्चीतून पडायचे राहिले. तिने त्यांना हसू दिलं.

मग पडद्यावर गिरजाबाई आल्या, कढईत उलथनं फिरवत. पडद्यामागून त्यांचाच आवाज आला, बहिणीशी फोनवर बोलतानाचा, अगदी श्वासासकट: "सून माझी लई हुशार हाय बग. पोराला सवताचे मोजे घावत न्हाईत. पण तिच्यासमोर म्हणायचं न्हाई, डोक्यावर चढून बसंल."

पहिल्या रांगेत गिरजाबाई ताठ झाल्या. "मी असं कवा म्हणलं?"

"मंगळवारी," शेजारच्या कस्तुराबाई म्हणाल्या. "गॅलरीतून. आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत आलं."

"वहिनी, स्क्रिप्ट, स्क्रिप्ट," यशवंतराव कुजबुजले. माईक चालू होता. दोनशे जणांनी ऐकलं.

अंजलीने त्यांचा घोगरा, भारदस्त आवाज लावला. "स्त्रीचा आदर करा, आदर. यशोदा, पाणी दे गं. तांब्या माझ्याच हाताशी आहे, पण तू उठून दे."

त्यांच्या यशोदाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

पडद्यावर पाकीट आलं. अंजली स्वतःच्या आवाजात म्हणाली, "साहेब, लाइन लीडर व्हायला माझा होकार." पडद्यावरच्या यशवंतरावांनी पाकीट उघडलं, डोळे पुसले आणि हात जोडले. खरे यशवंतराव माईकचा प्लग शोधत होते. तो अंजलीने आधीच आपल्या खुर्चीखाली घेतला होता.

चित्रातली अंजली सासूच्या पायाशी वाकली. पडद्यामागे शांतता. सगळे गिरजाबाईंकडे बघायला लागले.

"म्हण की," त्या फणकारल्या. "माझ्या तोंडानं काय म्हणायचं ते म्हण."

"जा बाई," त्यांचाच आवाज आला. "रातीचं मी हाय लेकरापाशी."

गिरजाबाईंनी पदर सारखा केला. "हायेच की. तसं बी ती माझ्यापाशीच झोपती."

आता नवऱ्याची पाळी. पडद्यावर धम्मरत्न डबा हातात घेऊन मान डोलावत होता. पडद्यामागचा धम्मरत्न कागदाकडे बघत होता. 'बरं केलंस' असं म्हणावं, तर ते तिच्या होकारालाच म्हटलं असं दोनशे जण धरणार. अंजलीने माईक त्याच्या ओठांना टेकवला.

"डबा," तो म्हणाला. "डबा मी करीन."

"कधीपासून?"

"बघू..."

पार्किंगमध्ये असा हशा पिकला की चित्र संपलं तरी कळलं नाही. तिने माईक हलवला नाही.

"उद्यापासून," धम्मरत्न म्हणाला.

सोमवारी पहिल्या पाळीला अंजलीने होकारपत्रावर सही केली. साडेसहाला फोन आला. "अंजू, तिखटाचा डबा कुठला गं?"

"सगळे उघडून बघा," ती म्हणाली आणि फोन ठेवून लाइनवर गेली.