वडनेरच्या वाटेवरचे रोडगे

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपल्याकडची रीत. पण माझ्या एकुलत्या एका लेकीला नववा लागला तरी मी तिला बोरगाव मेघेच्या घरी आणलं नव्हतं. "घराचं काम काढलंय, सगळीकडे सिमेंट पडलंय," असं मी तिला फोनवर सांगत होते. घरात सिमेंटचा कणही नव्हता. मला त्या घराचीच भीती वाटत होती.

नवरा गेल्यावर मी एका मंडळात जाऊ लागले. त्याचं नाव लिहीत नाही, तिथे अजून माझ्यासारख्याच साध्या बाया आहेत. सुरुवातीला फार आधार वाटला, ते खोटं कसं म्हणू? मग हळूहळू प्रत्येक गोष्टीला मंडळ चालवणाऱ्या मोठ्या ताईंची आज्ञा लागू लागली. फ्रीज घ्यायचा तर आज्ञा, बहिणीकडे हळदीकुंकवाला जायचं तर आज्ञा. बाहेरच्यांच्या हातचं खायचं नाही. देवाचा नैवेद्यही ठरलेल्या बायांनीच रांधायचा, माझा हात म्हणे अजून शुद्ध झाला नव्हता. लेकीनं मंडळाबाहेरचा मुलगा पसंत केला आणि तिच्याशी संबंध तोडा अशी आज्ञा आली. तेवढी एक मला पाळता आली नाही. मंडळानं गळ्यात घातलेली माळ परत करायला गेले तेव्हा मोठ्या ताई रागावल्या नाहीत. गोड आवाजात म्हणाल्या, "जा. पण याचं फळ आपल्याला नाही, पोटच्या पोराला भोगावं लागतं."

मंडळ सुटलं, पण ते वाक्य माझ्यासोबत घरी आलं आणि त्या घरात लेकीला आणायचीच मला भीती वाटू लागली. लेकीला दिवस गेले तेव्हा आनंद होण्याआधी मला तेच आठवलं. तिच्या पायावर सूज आली की मला ताईंचा आवाज ऐकू यायचा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं झालं होतं. देवापुढे बसावं तर कुठलं नाव घ्यायचं तेही कळेना. मंडळाचा मंत्र घ्यायचा हक्क गेला होता आणि दुसरं नाव घेतलं तर मंडळाचा देव आणखी कोपेल ही धास्ती. शेवटी मनाशी ठरवलं की परत जायचं, पाया पडायचं आणि माळ मागून घ्यायची. परत येणाऱ्याला काही दिवस मौन असतं आणि फोन आश्रमाच्या फाटकावरच जमा करावा लागतो, हे मला माहीत होतं. लेकीसाठी तेही करू म्हटलं.

मंडळाचा आश्रम वडनेरच्या पुढे आहे. एसटी हिंगणघाटला थांबली तेव्हा लेकीचं सासर तिथून हाकेवर होतं. मी खाली उतरले नाही. खिडकीतून बाहेरही पाहिलं नाही. पुढे वडनेर येण्याआधीच गाडी धूर टाकून बंद पडली. आम्ही सगळे रस्त्यावर उतरलो. मला वाटलं, परत जायचीही आता आज्ञा नाही वाटतं.

रस्त्याच्या कडेला शेतात मारोतीचं लहानसं देऊळ होतं आणि त्यापुढे गोवऱ्यांचा जाळ घातलेला. माघाचे दिवस, गावानं मारोतीला रोडगे केले होते. रोडगे म्हणजे कणकेच्या गोळ्यावर पारी, तिच्यावर आणखी पारी असे चढवून निखाऱ्यात भाजायचे आणि सोबत वांग्याची भाजी. एका बाईनं मला हाक मारली.

"काऊन उन्हात उभ्या राह्यल्या? या इकडे. हात धुवा अन् कणकीले बसा, आमची एक बाई आली नाई आज."

मी म्हणाले, "माझ्या हातचं देवाले चालत नाई."

"कोन म्हनलं? मारोती म्हनला का?" ती हसली. "त्यानं आजलोक एक बी रोडगा वापस केला नाई."

मी हात धुतले आणि बसले. किती वर्षांनी मी देवासाठी कणीक मळत होते. माझं नाव, गाव, गुरू, कोणीच विचारलं नाही. फक्त एका म्हातारीनं कणीक सैल झाल्याचं सांगितलं आणि ती खरंच सैल होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी धुरावर ढकललं.

पंगतीत बसले. पहिला घास तोंडात घातला आणि फोन वाजला. लेकीचा होता.

"आई, कळा येऊन राह्यल्या. हे ड्युटीवर गेले, सासूबाई घाबरून गेल्या. तू येजो न वं."

बाहेरचं खाल्लं आणि लगेच फळ मिळालं, हेच पहिल्यांदा मनात आलं. ते मी बोलूनही गेले. ती बाई वाढता वाढता थांबली.

"बाई, दिवस भरले की कळा येतेच. तुमच्या घासानं थोडी येते?"

तेवढ्यात पुढे जाणारी दुसरी एसटी येऊन उभी राहिली. कंडक्टर आमच्या गाडीतल्यांना बोलावत होता. इकडे बाईनं दिराला हाक मारून मोटरसायकल काढायला लावली होती. मी मध्ये उभी. इकडे जावं की तिकडे, हे सांगणारं आयुष्यात पहिल्यांदा कोणी नव्हतं. मी देवळाकडे पाहून म्हणाले, "मले काही समजत नाई. आता तूच पाहाय." आणि मोटरसायकलवर बसले. बाईनं फडक्यात बांधलेले रोडगे माझ्या मांडीवर ठेवले.

हिंगणघाटपर्यंत माझी भीती कुठे गेली नव्हती, माझ्यासोबतच बसून आली. बाळंतपण अवघड गेलं. रात्रभर लेकीनं माझा हात सोडला नाही. पहाटे नात झाली, दोघी सुखरूप. मी त्याला चमत्कार म्हणत नाही. एवढंच म्हणते की गाडी बंद पडली नसती तर लेकीनं हाक मारली तेव्हा माझा फोन फाटकावरच्या पेटीत वाजत राहिला असता.

आता मंडळातून बाहेर पडलेल्या बाया मला फोन करतात. काहीजणी नुसत्या रडतात, काहीजणी विचारतात की आम्ही काय करायचं. मी कोणाला आज्ञा देत नाही. घरी बोलावते, कणीक मळायला बसवते आणि मग आम्ही जेवतो. नातीला साधा खोकला झाला तरी ताईंचा तो गोड आवाज मला अजून ऐकू येतो. मग मी मारोतीला म्हणते, तूच पाहाय, आणि खोकल्याचं औषध देते. देवावर सोडणं म्हणजे माणसाच्या हाती स्वतःला देणं नव्हे, एवढं मला उशिरा का होईना त्यानं शिकवलं. त्याचे आणि त्या बाईचे उपकार फिटायचे नाहीत. दर माघात मी तिथे कणकेला बसते.

लेक बाळाला घेऊन पहिल्यांदा बोरगावला आली, त्या दिवशी मी दारातच भाकरतुकडा ओवाळला. ती आत आली. जुन्याच भिंतींकडे, पोपडे आलेल्या कोपऱ्याकडे तिनं सावकाश पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आई, घराचं काम झालं का?"

"झालं," मी म्हणाले आणि नातीला तिच्या हातून घेतलं.