मोटारीची नालबंदी

धार ते महू हा रस्ता मी बैलगाडीने, टांग्याने आणि पुढे भाड्याच्या मोटारीने इतक्या वेळा केला आहे की, कोणत्या वाहनाला मैलामागे काय पडते हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. धारला बांधकाम खात्यात मी हिशेबनीस होतो. खडी वाहणाऱ्या गाड्यांचे बैल दिवसाला किती कडबा खातात आणि किती खेपा करतात, हे पाहणे माझे कामच होते. घरीही ती सवय सुटली नाही. चुलीवर लाकूड जास्त जळते की कोळसा, याचा मी एकदा महिनाभर हिशेब ठेवला होता आणि घरातल्या मंडळींनी तो महिनाभर सोसला होता.

त्यामुळे देवासच्या माझ्या दाजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांना, मोटार घ्यायची होती तेव्हा आक्काने मलाच बोलावणे पाठवले.

दाजी देवासला पागेवर अंमलदार होते. देवासला एकाच गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. दाजी कोणत्या पातीचे हे लिहिण्याची गरज नाही. मोटारी दोन्हीकडे आल्या आणि घोडी दोन्हीकडे कमी झाली. दाजींना मानाने निरोप मिळाला, पागोटे मिळाले, हाती एक रक्कम मिळाली. वय बेचाळीस. घरात वडील, आक्का, तीन मुले. त्या रकमेतून एक मोटार घ्यायची आणि देवास ते इंदूर उतारू न्यायचे, असे त्यांनी ठरवले. गाडी बरी निघाली तर घर उभे राहणार होते. वाईट निघाली तर रक्कमही गेली आणि पागाही गेलेलीच होती. मग धारला माझ्याकडे येऊन राहण्यावाचून गत नव्हती. हे कोणी बोलून दाखवले नाही, पण आक्काने मला पहिल्या दिवशी दोनदा विचारले, की तुझ्या घराच्या माडीवर हल्ली कोण राहते?

इंदूरच्या छावणीत एका व्यापाऱ्याकडे दोन वापरलेल्या गाड्या विकाऊ होत्या. एक मोठी, कोण्या जहागीरदाराची, डाळिंबी रंगाची, पितळी दिव्यांची. चालवणारा सोडून सहा जण बसतील अशी. दुसरी लहान, काळी, उंच चाकांची, चौघांची. मोठी जुनी होती म्हणून तिची किंमत उतरून लहानीच्या बरोबरीला आली होती. तेव्हा किमतीचा प्रश्न उरला नाही. प्रश्न होता तो खाण्याचा.

“मेहुणे,” दाजी म्हणाले, “घोडा घेताना आम्ही त्याची छाती बघतो. मोठीची छाती बघा.”

आक्का आतून म्हणाली, “इकडचं मन मोठीवर बसलंय. तू आपला गाडीचं पोट बघ.”

व्यापाऱ्याने बयाणा घेऊन दोन्ही गाड्या एकेक दिवस चालवून पाहायला दिल्या, चालवणाराही दिला. मी अटी घातल्या. चालवणारा दोन्ही दिवस एकच. रस्ता एकच, देवासहून इंदूर आणि परत, म्हणजे पंचेचाळीस मैलांच्या आसपास. निघताना टाकी काठोकाठ भरायची, परत आल्यावर गाडी त्याच जागी उभी करायची आणि पुन्हा काठोकाठ भरायला किती पेट्रोल लागते ते मापायचे. जागा चुकली तर टाकी कलते आणि माप चुकते, म्हणून दारासमोर सपाट जागा पाहून मी चार चाकांना चुन्याच्या खुणा केल्या. मापायला आक्काने पितळी शेर दिला. तो पुन्हा तिने स्वयंपाकघरात घेतला नाही. चिंचेने तीनदा घासूनही वास जात नाही म्हणे.

राहिले ओझे. तेही दोन्ही दिवस सारखेच हवे. मी, दाजी आणि दाजींचे वडील जाणार होतो. वडिलांना सगळे आबासाहेब म्हणत. सत्तरीचे, पण अंगाने भरभक्कम. ते पहिल्या दिवशी थकले तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी तेवढ्याच वजनाची ज्वारीची पोती ठेवावीत, असा माझा विचार. त्यासाठी आदल्या दिवशी मी त्यांना धान्याच्या अडत्याकडे घेऊन गेलो. त्याच्या दुकानापुढे पोती तोलायचा मोठा काटा टांगलेला असे.

आबासाहेब मोठ्या हौसेने एका पारड्यात मांडी घालून बसले. दुसऱ्या पारड्यात आम्ही ज्वारी घालू लागलो. एक पोते पुरले नाही, दुसरे फोडून सुपाने ओतावे लागले. काटा सरळ झाला तेव्हा दुकानापुढे वीस-पंचवीस माणसे जमली होती. मी वजन टिपून घेत होतो. तेवढ्यात गर्दीतल्या एका भटजींनी हात जोडून मोठ्याने मंत्र म्हणायला सुरुवात केली.

“हे काय?” मी विचारले.

“तुलादान झालं ना आबासाहेबांचं! सत्तरीचं!”

मी अडत्याला सांगितले की ज्वारी परत ओतून घ्या, मी भाड्याने नेणार आहे, परवा संध्याकाळी आणून देतो. त्याने कानाला हात लावले. “तुला को नाज वापस नी जाय, भिया. पाप म्हारे माथे?”

तोललेले धान्य दान झाले. देवीच्या टेकडीखाली त्याच संध्याकाळी ते वाटले गेले आणि पैसे मी भरले. मला वाटले आबासाहेब रागावतील, निदान हसतील. पण ते उंबऱ्यात जोडे काढताना म्हणाले, “तुझ्या आक्काच्या सासूच्या मनात होतं माझी तुला करायचं. राहून गेलं होतं.” आणि आत जाऊन त्यांनी देवाला नमस्कार केला. तो खर्च मोटारीच्या हिशेबात धरावा की धरू नये, याचा मी बराच विचार केला. शेवटी धरला. मोटार नसती तर तो झाला नसता.

पोती गेली, त्यामुळे आबासाहेबांना दोन्ही दिवस स्वतःच यावे लागले. थकलेबिकले मुळीच नाहीत.

पहिल्या दिवशी मोठी. तिचा आवाज खोल आणि एकसारखा होता. रस्त्यावरची बैलगाडीवाली माणसे खाली उतरून उभी राहत. दाजी पुढे बसले होते. त्यांचा डावा हात दारावर असा होता, जसा लगामावर असावा. क्षिप्रेच्या पुढचा चढ ती न कुरकुरता चढली. परत आल्यावर मी मापले. जवळजवळ चार गॅलन. म्हणजे गॅलनाला अकरा मैल.

दुसऱ्या दिवशी लहान. ही खडखडत होती. चढावर तिची चाल मंदावली आणि आबासाहेबांनी मागून तिला “चल गं बये, चल” असे चुचकारलेही. पण ती कुठे अडली नाही. परत येऊन मापले तर दोन गॅलनांहून थोडे अधिक. मी मापण्यात चूक झाली असे समजून टाकी पुन्हा तपासली, चुन्याच्या खुणा पाहिल्या. चूक नव्हती. इतकी माणसे घेऊन इतका रस्ता चालून ती एवढेच प्यायली होती. मी आयुष्यात बैल, घोडे, उंट सगळ्यांचे खाणे मोजले आहे. इतक्या थोडक्यात इतके काम करणारे मी काही पाहिले नव्हते. त्या काळ्या पत्र्याकडे मी जरा आदराने पाहिले, हे खरे आहे.

“आणि उभी राहून खात नाही,” दाजी म्हणाले. “दोघींचाही हा गुण मोठा. घोडं पायाला लागून महिनाभर बसलं तरी दाणा मागतंच.”

संध्याकाळी ओसरीवर हिशेब मांडला. मैलामागे पेट्रोल पाहिले तर मोठी जवळजवळ दुपटीने खात होती. पण उतारू सहा. सहा जण बसले तर आणखी थोडे जळेल, तेही मी अंदाजाने वाढवून धरले. तरी जास्तीच्या दोन उतारूंचे भाडे जास्तीच्या पेट्रोलाहून भारी पडत होते. गाडी रोज भरून गेली तर दिवसाकाठी मोठीच थोडे जास्त मिळवून देत होती. मी दोनदा बेरीज केली आणि तसे सांगितले.

दाजींचा चेहरा उजळला. वीस वर्षे ज्या माणसाने दरबारी घोडी फिरवली, त्याने खडखडत्या डब्यात बसून त्याच रस्त्याने जायचे, हे त्यांच्या मनाला किती लागले असते ते मला त्या उजेडात दिसले. आक्का सुपारी कातरत राहिली.

दाजी उठले, दारात लहानीशेजारी उभ्या असलेल्या मोठीपाशी गेले, तिच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. व्यापाऱ्याचा चालवणारा तिथेच विडी ओढत होता. घोड्याचा खूर पाहावा तसा दाजींनी चाकावर हात फिरवला. मग तिथूनच मला हाक मारली.

“मेहुणे, नालबंदी किती धरलीत?”

“नालबंदी?”

“घोड्याचा दाणा सगळ्यांना दिसतो. नवीन माणूस नालबंदी विसरतो, आणि मग घोडं बसतं. हिला नाल नाहीत, पण हे रबर झिजणारच की. याचं काय धरलंत?”

मी काहीच धरले नव्हते. पेट्रोल मापात येते म्हणून मी ते मापले. टायर मापात येत नाही म्हणून तो माझ्या हिशेबात आलाच नाही.

दाजींनी चालवणाऱ्याला विचारले. तो आधी टाळाटाळ करू लागला. गाडी त्याच्या शेठची. दाजी म्हणाले, “तुझ्या शेठची एक गाडी मी घेणारच आहे, भिया. कोणती, एवढंच ठरायचंय. खरं सांग.”

त्याने विडी विझवली. “इस सड़क पे बड़ी का टायर दिवाली को डालो तो होली नी देखे. वजन कितना है उसका! छोटी का राखी तक आराम से चल जाय.”

“आणि किंमत?”

किंमत ऐकून मी ओसरीवर परत बसलो आणि नवा हिशेब मांडला. मोठीचा टायर दीडपटीने महाग आणि निम्म्या दिवसांत संपणारा. आपल्याकडच्या मुरमाच्या आणि खडीच्या रस्त्यावर टायरांचा खर्च पेट्रोलाहून जास्त निघाला. हे मला तोवर ठाऊक नव्हते. मोठी पहिल्या नंबरावरून खाली आली ती फार खाली आली. रोज भरून गेली तरी पहिल्या होळीला टायर घ्यायला पैसे उरले नसते.

मी कागद दाजींना दाखवला. त्यांनी तो पाहिला, घडी केली आणि मला परत दिला.

“मीच विचारलं नसतं तर तुम्ही मला डाळिंबी गाडी घेऊ दिली असतीत,” ते म्हणाले.

“दिली असती.”

मग म्हणाले, “बरं झालं विचारलं.”

मी पुष्कळ हिशेबनीस पाहिले आहेत. आपल्याला हवे ते उत्तर निघाल्यावर आणखी एक प्रश्न विचारणारा माणूस मी तो एकच पाहिला. आम्ही लोक आकडे जुळले की थांबतो. त्यांचा आकडा जुळला होता, मनासारखाही होता, आणि ते उठून चाकाशी जाऊन बसले.

दिवाळीला लहान गाडी घेतली, तिला नवे टायर घातले आणि दाजी त्या चालवणाऱ्याकडूनच ती हाकायला शिकले. पहिल्या खेपेला मी मुद्दाम राहिलो होतो. चौकात पागेतले एक जुने सोबती भेटले. त्यांनी गाडीला एक फेरी घातली आणि म्हणाले, “काय दाजीसाहेब, इतकी घोडी फिरवलीत, आणि शेवटी हे शिंगरू?”

“शिंगरूच,” दाजी म्हणाले. “पण दाणा मागायला तुमच्या दारी येणार नाही.”

जमलेले हसले, ते सोबतीही हसले, आणि त्यांतले दोघे उतारू म्हणून आत बसले. अजून दोन जागा रिकाम्या होत्या. दाजींनी गाडी सोडली नाही. भरेपर्यंत थांबले. हाही नियम त्यांनी पहिल्याच दिवशी घातला आणि शेवटपर्यंत पाळला, कारण रिकामी जागासुद्धा पेट्रोल खाते.

पुढल्या दसऱ्याला मी धारहून देवासला गेलो. आक्काने दारात माझ्या माडीची चौकशी केली नाही, तेव्हाच मला कळायचे ते कळले. टायर राखीपर्यंत टिकतील असे तो चालवणारा म्हणाला होता; ते राखी ओलांडून दसऱ्याला आले होते. दाजी खडी चुकवून, चाक रस्त्याच्या मऊ कडेला ठेवून हाकत, जसे घोड्याला हाकतात. नवे चार टायर गाडीच्याच मिळकतीतून घेऊन ओसरीवर ठेवले होते. दरबारातून मिळालेल्या रकमेतली शिल्लक तशीच होती.

दसऱ्याला आधी घोड्यांचे खूर धुवायचे आणि मग कपाळी गंध लावायचे, ही पागेची रीत. दाजींनी तांब्याने चारही चाकांवर पाणी घातले, हाताने माती काढली, हळद-कुंकू लावले, मग पुढच्या दिव्यांना हार घातला. ओसरीवरच्या नव्या टायरांवरही अक्षता टाकल्या. पूजा झाल्यावर देवीच्या टेकडीपर्यंत गाडी न्यायची होती.

आबासाहेब सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या जागेवर बसले. मला मागे चढताना पाहून त्यांनी मान वळवली.

“बस, बस,” म्हणाले. “पण माझं वजन करायला पुन्हा नेणार असशील तर आधी सांग. या वेळी गव्हात तोलून घेईन म्हणतो.”