धनराज भांडारातला पाळणा

वाशीमच्या जुन्या बाजारात धनराज भांडारची तीन मजली इमारत आहे. लुगड्यांपासून कंदिलांपर्यंत सगळं तिथं एका छपराखाली मिळायचं. आता दुकान बंद आहे, पण नक्षीदार खांब आणि रंगीत काचा शाबूत आहेत. मूळ मालकाचा नातू अमरदीप दर रविवारी सकाळी हौशी लोकांना घेऊन बाजारातल्या जुन्या इमारती पायी दाखवत फिरतो. शेवटचा थांबा त्याच्या स्वतःच्या भांडारात.

त्याच इमारतीच्या पायरीवर गोजराबाई भाजी विकते. मळ्यातली मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. तिचा नवरा गुलाबराव ऐन उमेदीत या भांडारात हमाल होता. इथंच त्याचा पाय गुडघ्याखालून गेला. तेव्हापासून घर तिच्या टोपलीवर चाललं.

एका रविवारी आतून अमरदीपचा आवाज आला. "हा मालाचा पाळणा बघा. दोघांनी दोर ओढला की गाठोडी थेट तिसऱ्या मजल्यावर. इतकी वर्षं चालला, पण एक अपघात नाही!"

गोजराबाई हातातल्या जुडीसकट आत शिरली.

"कोन म्हनते नाही? माह्या मानसाचा पाय याच पाळन्याखाली सापडला!"

"मावशी, पाहुणे आहेत. आपण नंतर बोलू," अमरदीप हसत म्हणाला आणि दंडाला धरून त्यानं तिला बाहेर आणून सोडलं.

घरी गुलाबराव तिच्यावरच उखडला. "कायले गेलती तिथं? त्या घरचं मीठ खाल्लं आपुन."

"मीठ खाल्लं अन् पाय देल्ला!"

अमरदीप हुशार. पुढच्या रविवारी त्यानं गुलाबरावलाच बोलावणं धाडलं. गुलाबराव धुतलेली टोपी घालून, नकली पायावर हळूहळू आला. अमरदीपनं त्याच्या गळ्यात सत्काराचा दुपट्टा घातला. "हे आमचे जुने गुलाबकाका." टाळ्या पडल्या, मोबाईल वर झाले. कुणीतरी विचारलं, मालक कसे होते?

"देवमानूस," गुलाबराव हात जोडून म्हणाला.

दारातून बघणाऱ्या गोजराबाईचं डोकं फिरलं. ती आत येऊन नवऱ्यापाशी खाली बसली आणि त्याचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर सारला. "आता काढा फोटो. हेबी याच बिल्डिंगीतलं हाय!"

मोबाईल खाली आले. रंजीता नावाची एक मुलगी हळूच म्हणाली, "काका, कसं झालं हे?"

गुलाबरावनं एकदा अमरदीपकडं पाहिलं.

"दोर कुजला होता. म्या मालकाले सांगतलं होतं. दिवाळीचा माल हाय, एवढा चढू दे, म्हने."

गोजराबाईचा हात पायजम्यावर तसाच राहिला. हे तिला त्यानं कधीच सांगितलं नव्हतं. अमरदीप घाईनं "चला, चहा घेऊ" म्हणत मंडळींना बाहेर नेऊ लागला.

रस्त्यावर येताच ती नवऱ्यावर तुटून पडली. "इतके वर्सं लपवून ठेवलं? काहून?"

"तुले सांगतलं असतं त काय केलं असतं तू?"

"भांडली असती! भर बाजारात भांडली असती!"

"म्हनूनच नाही सांगतलं. मालक म्हने, बायकोले पायरीवर भाजी घेऊन बसू दे, पन तोंड उघडायचं नाही. लेकरं लहान होते, गोजरा."

त्या पायरीवर आपण आपल्या कष्टानं, आपल्या तोंडाच्या जोरावर बसलो, असं ती आजवर सगळ्यांना सांगत आली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं टोपली रस्त्याच्या समोरच्या बाजूला, उन्हात मांडली. अमरदीप धावत आला. "मावशी, तुम्हाला कुणी उठवलं का?"

"तुह्या आज्याची पायरी तुह्याजवळ ठेव. अन् आता मले चूप बसवून दाखव."

पाळण्याच्या खोलीला आता कुलूप असतं. पण रविवारी मंडळी भांडारातून बाहेर आली की गोजराबाई रस्त्याच्या पलीकडून मोठ्यानं विचारते, "पाळना दाखोला का तुमाले?" काही जण मान खाली घालून निघून जातात. काही थांबतात. थांबतील त्यांना ती सगळं सांगते, दोर कुजल्यापासून. गुलाबरावला हे आवडत नाही. तो तिच्याशी अजून नीट बोलत नाही, आणि तीही त्याच्याशी नाही.