बोरन्हाणातला हरभरा

पोरं नाकात काहीही घालतात, त्याचा मला राग नाही. माझा राग वेगळा आहे.

संक्रांतीनंतर लेकीचं बोरन्हाण केलं. चार वर्षांची होती ती. काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, ओला हरभरा ओतला आणि मळ्यातली सगळी पोरं वेचायला तुटून पडली.

आठवड्याभरात तिच्या एका नाकपुडीतून पिवळं पाणी यायला लागलं. वास असा, की जवळ घेताना मान वळवावी लागे. मी नाशिक रोडला नोकरीला जायचे, लेक दिवसभर माझ्या थोरल्या जावेकडे. तिला ती मोठी आई म्हणायची, मी ताई. या घरात माझं हक्काचं माणूस तेवढंच.

"सर्दी हाय गं, जाईल," ताई म्हणाली. तिने रोज वाफ दिली. मीठ-मिरच्यांनी दृष्टही काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही तशी म्हणाली, "बघ, लय लागली व्हती पोरीला." मी भाबडी, तिचे हात धरून रडले. नोकरीच्या नादात हिने पोर घाण ठेवली, असं सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, तेव्हा मात्र ताई मिठाची गुळणी धरून बसली होती.

शेवटी रजा टाकून लेकीला नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. "माझ्याबिगर राहायची नाय ती," म्हणत ताईही आलीच. डॉक्टरांनी नाकात उजेड टाकला, आकडा घातला आणि काळपट, फुगलेला हरभरा बाहेर काढला.

"घरी कुणी काढायला गेलं होतं का? आत ढकलला गेलाय. जखमही आहे. घशात उतरून श्वासनलिकेत गेला असता तर?"

"नाही हो," मी म्हणाले, "आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं." ताई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

लेक रडून दमली होती. माझ्या मांडीवरून तिने हात पुढे केले ते ताईकडे.

"मोठी आई, मी आईला नाही सांगितलं. तू पिन घातली ते पण नाही सांगितलं. आता देशील ना चॉकलेट?"