रबरी कोळंबी आणि चहाचा थर्मास

मंडळी, आज डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

सकाळी इथे आखातात, मत्रहच्या किनाऱ्यावरच्या खडकांवर नवरा आणि त्याचे मित्र गळाला चकचकीत पत्र्याचे मासे लावून भराभर ओढत होते. मी तपकिरी रबरी कोळंबी बांधली.

"वहिनी, या मळकट आमिषाला कोण येणार? तुम्ही आपला चहा ओता," सावंत म्हणाले. नवराही हसला.

मार्चचं पाणी अजून गार आहे. गार पाण्यात मासा तळाशी सुस्त पडतो, कशाच्याही मागे धावत नाही, हे मला बाबांनी रत्नागिरीत शिकवलंय. मी कोळंबी तळावरून हळूहळू सरकवली आणि चांगला दोन किलोंचा हामूर मासा काढला.

"नशीब हं, वहिनी!" सावंत म्हणाले.

नशीब? तुमच्या कसबाला कुणी नशीब म्हटलं तर तुम्ही काय करता?

पुढच्या शुक्रवारच्या सुट्टीला मी फक्त गळ नेणार. चहा ज्याचा त्याने आणावा.