चंद्राकाकूंच्या ओट्यामागची भिंत

दत्ताकाका म्हात्रे आणि चंद्राकाकू आमच्या समोरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आले, त्या दिवशी काकूंच्या हातात कपड्यांची एक पिशवी होती. ती त्यांनी संध्याकाळपर्यंत खाली ठेवली नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाल्या, "आम्ही पाव्हणे हाय. दिवस कलला की निघू." काका दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

काका धरमतरच्या बंदरात बार्जवर तांडेल होते, म्हणजे खलाशांचे म्होरके. समुद्रात उभ्या जहाजांतून माल उतरवून घ्यायचा आणि भरतीबरोबर खाडीत आणायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं. घर वडखळच्या अलीकडे रस्त्याला लागून होतं. रस्ता रुंद झाला त्यात ते गेलं. भूमिका ही त्यांची एकुलती एक मुलगी, तिचं सासर रोह्यात. आईबाप जवळ असावेत म्हणून तिने रोह्यातच, आमच्या इमारतीत जागा बघून दिली. काकूंना विसर पडायला तेव्हा सुरुवात झालीच होती. पनवेलच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला आणि सांगितलं, हे वाढत जाणार, जपा.

काकू नव्या घरात कुठेही बसायच्या, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबायच्या. दुसऱ्या बाईच्या शेगडीला न विचारता हात कसा लावायचा, असं त्यांचं म्हणणं. काका भात लावायचे, आमटी करायचे. बार्जवर शिकलेलं तेवढंच त्यांना येई. काकू ताटावर बसून विचारायच्या, घरची बाई कुठं गेली? एकदोनदा त्या पिशवी घेऊन बाहेर पडल्या. दोन्ही वेळा एसटी स्टँडवर सापडल्या, वडखळची गाडी विचारत.

एक दिवस मी विरजण मागायला गेले तर काकू चक्क आत, ओट्यापाशी. शेगडीमागची भिंत तळहाताने घासत होत्या. भिंत कसली, आधीच्या भाडेकरूंच्या फोडणीने पिवळी-तपकिरी झालेली. काका बाजूला हताश उभे. काकू रडवेल्या होऊन म्हणत होत्या, "माझी फुलं कुनी पुसली?"

मला कळेना. मग काकांनी सांगितलं. वडखळच्या घरी ओट्यामागे पांढऱ्या फरश्या होत्या आणि त्यांच्यावर निळी फुलं. घर बांधताना काकूंनी स्वतः पेणच्या दुकानात जाऊन निवडलेल्या. काका तेव्हा बार्जवर. ते आले तेव्हा फरश्या बसून गेल्या होत्या.

त्या दिवसापासून काकांच्या डोक्यात ती भिंत बसली. घरमालक पेणला राहायचा. त्याची अट अशी की भिंतीला भोक पाडायचं नाही, टाइल चिकटवायची नाही. भूमिकाने बाजारातून भिंतीला चिकटवायच्या प्लास्टिक कागदाचा रोल आणला, संगमरवरी नक्षीचा. बापलेकींनी एका दुपारी तो लावला. काकू लांबून बघून म्हणाल्या, "ही बँक हाय. चला हितनं." शिवाय शेगडीच्या धगीने त्याची कड वळायला लागली. काकांनी तो सोलून काढला.

मग ते हमरापूरला गेले. त्यांचा बार्जवरचा जुना सोबती गुणाजी तिथे मुलाच्या कारखान्यात गणपती रंगवायला बसतो. गुणाजीने सांगितलं, जाळाजवळ प्लास्टिक नको. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा घे, त्याच्यावर ऑइल पेंट दे, मागून दुहेरी चिकटणारी टेप लाव आणि खालची कड ओट्यावर टेकव. उद्या खोली सोडलीस तर पत्रा निघेल आणि भिंतीला ओरखडा येणार नाही. फुलांसाठी साचा काप. त्याला एक्स-रेची फिल्म सगळ्यात बरी, रंगाने भिजत नाही.

काकांच्या घरात फिल्म एकच होती, काकूंच्या डोक्याची. भूमिका नको म्हणत होती. डॉक्टरला परत दाखवायला लागेल, म्हणाली. काका म्हणाले, त्याच्यात बघण्यासारखं आता काय राह्यलंय. त्यांनीच ब्लेड घेतलं.

पण कापायला बसले आणि हात थांबला. फूल कसं होतं तेच त्यांना आठवेना. पाकळ्या किती, देठ होता की नव्हता. त्या घरात एवढा संसार झाला आणि त्या भिंतीकडे त्यांनी कधी धड बघितलं नव्हतं. काकूंना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या. शेवटी भूमिकाला तिच्या साखरपुड्याचा एक फोटो सापडला. बायका पुऱ्या लाटतायत आणि मागे भिंतीचा कोपरा. चार पाकळ्या, मधे ठिपका, देठ नाही.

आमच्या मधल्या पॅसेजमध्ये काकांचं काम चालायचं. पत्र्याला पांढरा रंग देऊन वाळवला. मग पट्टी धरून पेन्सिलने चौकोन पाडले आणि त्या रेघा राखाडी रंगाने बारीक ओढल्या. साचा धरून स्पंजने निळा रंग टिपायचा, दाबायचं नाही. पहिल्या ओळीत रंग साच्याखाली गेला आणि फुलं फुगली. ती त्यांनी रॉकेलच्या बोळ्याने पुसली आणि पुन्हा काढली. सुकाणू धरणाऱ्या त्या जाड बोटांना स्पंज जड जायचा. मी पत्र्याचं दुसरं टोक धरायला जायचे, एवढंच.

पत्रे लावले ती सकाळ मी बघितली. भूमिका आईला हाताला धरून घेऊन आली. काकू उंबऱ्यात थांबल्या, नेहमीसारख्या. मग आत गेल्या. एका फुलावर बोट फिरवलं. पदर कमरेला खोचला आणि भूमिकाला म्हणाल्या, "मीठ कुठं ठेवलंस गो बाय?" त्यांनी तांदळाच्या भाकरी थापल्या. पीठ मळताना हात कुठेही अडला नाही. भूमिका तोंडाला ओढणी लावून बाहेर आली आणि माझ्या घरात बसून रडली. तेव्हा ती आनंदानेच रडत होती.

काका ओट्याशी गेले. काकूंनी पदर सारखा केला, एक पाऊल मागे सरल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, काम झकास केलंत. बसा, चहा घ्या."

काका बसले. त्यांना वाटलं, होईल नीट. झालं नाही. काकू आता पिशवी घेऊन बाहेर पडत नव्हत्या, वडखळ विचारत नव्हत्या, कारण त्या वडखळलाच होत्या. आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या ऐन वयात. आणि त्या वयात त्यांचा नवरा बार्जवर असायचा. घरात वावरणारा हा पांढऱ्या केसांचा माणूस फरश्या बसवायला आलेला मिस्त्री होता.

त्या त्याच्याशी मायेने वागायच्या. बाहेरच्या खोलीत ताट वाढायच्या. आणि बोलायच्या. नवऱ्याबद्दल लग्नापासून कुणाशी बोलल्या नव्हत्या ते मिस्त्रीशी बोलायच्या. काकांनी मला त्यातलं एकच सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "आमचे चांगले हायत, पन घरी आले की पाव्हण्यासारखे बसतात. मी काय बोलनार? जीव लावावा तर निघून जातात."

एका संध्याकाळी काकूंनी त्यांना दिवा लावायच्या वेळी उठवलं. "मिस्त्री, आता घरी जावा. आमचे येतील. परका मानूस घरात बघून त्यांना काय वाटंल?"

काका चपला घालून बाहेर आले आणि जिन्यावर बसले. मी दार उघडलं तर त्यांनी हाताने खूण केली, राहू दे. थोड्या वेळाने उठले, शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि स्वतःच्या दाराची कडी वाजवली. काकूंनी दार उघडलं. चेहरा असा उजळलेला होता की मला वाटलं, ओळखलं. त्यांनी काकांच्या खांद्यावरून जिन्यापर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "तुम्हीच व्हय. मला वाटलं आमचे आले."

दुसऱ्या दिवशी भूमिका म्हणाली, बाबा, पत्रे काढून टाकू. घर परकं वाटलं तर वाटू दे, निदान तुम्हाला ओळखत तरी होती.

"नाय," काका म्हणाले. "तिला तिचं घर मिळालंय. माझं काय गो, मी बाहेरच राह्यलेला मानूस."

थंडीत काकूंना न्यूमोनिया झाला. अलिबागच्या हॉस्पिटलात नेलं, मीही सोबत होते. शेवटी शेवटी त्यांना बोलवत नव्हतं, तरी भूमिकाला जवळ घेऊन म्हणाल्या, त्यांना जेट्टीवर निरोप धाडलास का? भूमिकाने काकांचा हात धरून पुढे ओढला. "आई, हे काय बाबा. इथंच आहेत."

काकूंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि लेकीला सांगितलं, "मिस्त्रीला जेवायला घाल. लांबनं आलाय."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. गेल्या तेव्हा काका कॉटशेजारीच होते. त्यांनी नावाने हाक मारली, चंद्रा म्हणून. मी ती हाक पहिल्यांदा ऐकली.

भूमिकाने त्यांना आपल्याकडे न्यायचा खूप प्रयत्न केला. ते गेले नाहीत. सकाळी भात लावतात, आमटी करतात, आणि ताट घेऊन बाहेरच्या खोलीत येऊन बसतात.